ऑर्मुंडची घंटा अन् पेढ्याचा डबा

२२ जुलै, सोमवार

दीपाचा पाय मोडला. बसस्टँडसमोरचा खड्डा चुकवता चुकवता स्कुटी घसरली, घोट्याच्या वरचं हाड तडकलं. सहा हप्ते पलास्टर. हे सगळं तिनंच फोनवर सांगतलं, अन् वरून हसत होती. दिवसभर सरकारी दवाखान्यात दुनियेचं रक्त तपासणारी पोरगी, तिले सहा हप्ते घरात बसवणं म्हणजे डालीखाली कोंबडी झाकून ठेवणं आहे.

मी विचारलं, "मग टाइमपास काय करशीन?" म्हणे, "छत पाहीन."

तेव्हापासून माझं डोकं एकाच जागी अडकलं. तिले ऑर्मुंड द्यायचा, माझा लाडका गेम. सकाळी कॉलेजात लॅबच्या बरण्या पुसतानी तेच, दुपारी डबा खातानी तेच. संध्याकाळी विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन माझ्याकडे आहे, तिथंही एक अख्खा परिच्छेद दोनदा वाचला. बायांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं महत्त्वाचा असन.

२३ जुलै, मंगळवार

कन्सोल, तारा, एक रिमोट अन् ऑर्मुंडची डिस्क, सगळं पिशवीत भरून दीपाच्या घरी नेऊन दिलं. दोनच गल्ल्या पलीकडे आहे. बळीरामकाका, म्हणजे तिचे बाबा, दारातच बसलेले. "जय भीम, संघदीप. हे काय आणलं?" म्हणलं, "काका, गेम आहे." ते म्हणे, "तेहतीस वर्षांचा झाला नं तू?" मी हसून वेळ मारून नेली.

दीपाले मात्र नीट सांगतलं. सहावीपासून ओळखते ती मले, तिच्यापुढे लाजायचं कायले? सांगतलं की बाई, हा गेम कोणाले माहीत नाही. ज्या हप्त्यात निघाला, त्याच हप्त्यात फुटबॉलवाला मोठा गेम आला अन् हा बिचारा कोपऱ्यात गेला. मले नागपूरच्या जुन्या मालाच्या दुकानात टोपलीत सापडला. ऑर्मुंड म्हणून एक डोंगराळ मुलूख आहे. तिथं धुकं उतरते, अन् ज्याच्यावर उतरते तो आपलं नाव विसरते. घंटा ओतणाऱ्या कारागिराची पोरगी तडा गेलेली एक घंटा पाठीवर घेऊन नऊ खोरी पार करते. तलवार नाही, बंदूक नाही. राक्षस आला तर त्याले मारायचं नाही, त्याच्या श्वासाच्या ठेक्यात घंटा वाजवायची, तो झोपी जाते.

दीपा म्हणे, "अन् हा बोकड कोण?" डब्यावर चित्र होतं. मी सांगतलं, तो तिच्यासंगं चालते. दुसरा रिमोट असला तर दुसरा माणूस चालवू शकते, नसला तर मशीनच चालवते, काही अडत नाही.

"पण माणसानं चालवला तर?"

"मग तर मजाच वेगळी."

ती माझ्याकडे पाहत राह्यली. पाय दुखत असन. मी तारा जोडून दिल्या अन् निघालो, वाचनाची वेळ झालती.

२८ जुलै, रविवार

पाच दिवस झाले, पोरगी अजून पहिल्याच गावात! मी फोनवर विचारलं, "नदी ओलांडली का?" म्हणे, "कायले? इथं म्हाताऱ्या आहेत नं. घंटा वाजवली का एकेकीले नाव आठवते. मी सगळ्यांच्या घरी जाऊन राह्यली."

अरे पण तो गेम असा खेळायचा नाही! पहिलं गाव म्हणजे नुसती सुरुवात. खरी मजा चौथ्या खोऱ्यापासून आहे. हे मी तिले पाऊण तास समजावलं. शेवटी ती म्हणे, "संघदीप, तू इथंच येऊन काहून नाही सांगत? फोन गरम झाला माझा."

म्हणलं, रोज संध्याकाळी वाचन आहे. खरं तर वाचन आठ वाजता संपते. साडेआठले जाता आलं असतं. पण काका दारात बसतात, तिची आई विमलकाकू चहा ठेवतात, अन् मी तिथं कोण म्हणून बसू? दीपा पक्क्या नोकरीवाली. मी दर जूनमध्ये नव्यानं नेमणुकीच्या ऑर्डरची वाट पाहणारा लॅबवाला. चार वधू-वर परिचय मेळाव्यांत स्टेजवर उभा राहून आलो, एकाही ठिकाणाहून उलटा फोन नाही. जाऊ द्या. विषय गेमचा आहे.

१ ऑगस्ट, गुरुवार

वही आणली. दोनशे पानी. या गेमची माहिती इंटरनेटवर कुठंच धड नाही, मराठीत तर नाहीच नाही. म्हणून मीच लिहून काढून राह्यलो. खोरं पहिलं: वाटा, विहिरी, लपलेली दारं. नकाशे रंगीत पेन्सिलीनं.

जीवन राठोड, आमच्या कॉलेजातला क्लार्क, मागं येऊन उभा राह्यला. तांड्यावरून रोज मोटरसायकलनं येते अन् आल्या आल्या माझी खोडी काढते. "काय बे, पीएचडी करून राह्यला का?" मी सांगतलं. तो वही उलटून पाहे. मग म्हणे, "एवढं लिहिण्यापेक्षा तिच्या बाजूले जाऊन बसला असता तं काम झालं असतं."

म्हणलं, "कोणतं काम?"

त्यानं कपाळावर हात मारला अन् गेला. या माणसाले गेममधलं काही कळत नाही.

७ ऑगस्ट, बुधवार

दीपा तिसऱ्या खोऱ्यात पोचली! वहीचा फायदा झाला असन, दोन खोऱ्यांची पानं झेरॉक्स करून मायच्या हातून पाठवलेती. पण तिचा व्हॉइस मेसेज आला तो असा: "वही छान आहे. अक्षर अजून सहावीतलंच आहे तुझं. पण मी वाचत नाही आधी. आधी चुकते, मग वाचते. अन् ऐक, तो बोकड मशीनच्या हातात लय वेंधळा आहे. सारखा दरीत पडते. दुसरा रिमोट आहे नं तुझ्याकडे? रविवारी घेऊन ये. बाबा सकाळी घरीच आहेत, पण ते काही म्हणत नाहीत."

चार वेळा ऐकला. बोकड दरीत पडते ही गोष्ट खरी आहे, गेममधली ती एकच खोट.

१० ऑगस्ट, शनिवार

उद्या जावं का नाही? शर्ट इस्त्री केला. मग वाटलं, इस्त्रीचा शर्ट घालून रविवारी सकाळी कोणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही. मग जुना काढला. तो घालून जाणं तर त्याहून वाईट. माय म्हणे, "काय चाललं तुझं कपाटाशी?"

शेवटी ठरवलं. उद्या सकाळी विहारात वंदना आहे, ती झाली का माय अन् बाकी उपासिका दीपाची तब्येत पाहायले जाणारच आहेत. त्यांच्यासंगं रिमोट पाठवतो. काम होते, अन् कोणाले बोलायले जागाही नाही. रिमोटले नीट बसणारा डबा पाहिजे होता. पेढ्याचा एक किलोचा रिकामा डबा बरोब्बर मापाचा निघाला. वरून दोरा बांधला, रिमोट घसरू नये म्हणून.

११ ऑगस्ट, रविवार

मेलो.

सकाळी दहा वाजता माय अन् चार बाया, पाचही जणी पांढऱ्या लुगड्यात, हातात दोरा बांधलेला पेढ्याचा डबा, अशा दीपाच्या दारात उभ्या राह्यल्या. आता आपल्या वस्तीत पोराची माय रविवारी सकाळी चार बाया अन् पेढे घेऊन पोरीच्या घरी गेली तर त्याचा अर्थ काय होते? शेंबडं पोरगंही सांगीन. माह्या डोक्यात मात्र आला नाही. एक रिमोट, एक डबा, झालं, एवढंच माह्या डोक्यात.

मायनं घरी येऊन सांगतलं ते असं. बळीरामकाका उठून उभे राह्यले, सदरा घातला. विमलकाकूंनी शेजारून खुर्च्या आणवल्या, पोहे टाकले. कोणी काही विचारलं नाही, असं विचारत नसतात. मायले वाटलं, आजारी माणसाले भेटायले आलो म्हणून एवढं करून राह्यले, चांगले लोक आहेत. अन् आतून दीपा आली. पलास्टरच्या पायानं, कुबडी घेऊन, साडी नेसून. मोरपंखी.

मग काकांनी डबा उघडला.

माय म्हणे, आधी कोणाले कळलंच नाही ते काय आहे. मग एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच. काकाही हसले, पण लगेच थांबले. "अन् दीपा?" मी विचारलं. माय म्हणे, "ती नाही हसली. रिमोट उचलला अन् आत गेली."

 लगेच काकांना फोन लावला. म्हणलं, "काका, माफ करा, तसं काही नाही! तसं माह्या मनातही नाही. गैरसमज करून घेऊ नका. तो फक्त गेमचा रिमोट होता." काकांनी घसा खाकरला. मग म्हणे, "बरं. सांगतलं ते बरं केलं. स्पीकरवर होता फोन, सगळ्यांनी ऐकलं."

चला, निस्तरलं एकदाचं. तरी जेवण गेलं नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

जीवनले सांगतलं. वाटलं हसीन. तो हसला नाही. "तू काय म्हणाला? तसं मनातही नाही?" म्हणलं, "हाव, मग? तिच्या इज्जतीचा सवाल होता." तो म्हणे, "गधा आहेस तू. निवळ गधा. बाप्पा, पोरगी साडी नेसली होती बे, मोडक्या पायानं!"

म्हणलं, बाया आल्या म्हणून नेसली. घरात पाहुणे आले का नेसतातच.

तो मोठ्या आवाजात म्हणे, "जा अन् आत्ता सांग तिले." काय सांगू? त्यानं रजिस्टर उचललं अन् प्राचार्यांकडे गेला. दिवसभर दोन बरण्या फोडल्या मी.

१८ ऑगस्ट, रविवार

हप्ता झाला, दीपाचा मेसेज नाही. मी तीन पाठवले. "पाचव्या खोऱ्यात पुलाखालून जा." "सहाव्यात घाई करू नको." "पाय कसा आहे?" तिसऱ्याचंच उत्तर आलं. "बरा आहे."

वहीचं सातवं खोरं लिहून राह्यलो. मन लागत नाही. घरात बसवत नाही, बाहेर निघालो तर पाय तिच्याच गल्लीकडे जातात अन् कोपऱ्यावरून परत फिरतात. आज तीनदा गेलतो. किराणावाला म्हणे, "भाऊ, काही हरवलं का?"

२५ ऑगस्ट, रविवार

दीपाले पाहायले आलते. राजूरचा मुलगा, अमर नाव, खाणीत इलेक्ट्रिशियन, पक्का. त्याचे आईबाप, एक काका. खरे पेढे घेऊन.

मायले विमलकाकूंनी सांगतलं, मायनं मले. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मग त्या अमरनं टीव्हीजवळचा कन्सोल पाह्यला अन् म्हणे, "हे कोण खेळते?" दीपा म्हणे, "मी." तो म्हणे, "मले शिकवता?" अन् सरळ खाली सतरंजीवर बसला, इस्त्रीच्या पँटीत. तिनं दुसरा रिमोट दिला. तो बोकड झाला. बाहेर सगळे मोठे लोक चहा पिऊन पिऊन थकले, हे दोघं आत दोन तास खेळत होते. बोकड दरीत पडला का दोघं ओरडत होते म्हणे. दीपा इतकी हसली, विमलकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी मायले विचारलं, "पाचव्या खोऱ्यातला पूल त्यानं कसा पार केला?"

मायनं हातातली परात खाली ठेवली. मग म्हणे, "तुले एवढंच विचारायचं आहे का रे?"

मी बाहेर निघून आलो. विहाराच्या पायरीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. मले आनंद व्हायले पाहिजे. इतकी वर्षं हा गेम लोकांना सांगून राह्यलो, कोणी हात लावला नाही. आता एकाच्या जागी दोघांना आवडला. मग छातीत हे काय होऊन राह्यलं?

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा झाला. आज दीपाचं पलास्टर निघालं, अन् ती थेट कॉलेजात आली. लंगडत, हातात माझी पिशवी. लॅबमध्ये मी एकटाच होतो. जीवन दारातून डोकावला अन् तिले पाहून पसार झाला.

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "कन्सोल आहे, तारा आहेत, मागच्या हप्त्यात तू पाठवलेली पुरी वही आहे. दोन्ही रिमोट आहेत. आठवं खोरं झालं, नववं राह्यलं."

म्हणलं, "मग कायले परत केलं? संपवून दे नं."

ती म्हणे, "राजूरवाल्यांना परवा उत्तर द्यायचं आहे. बाबांनी माह्यावर सोडलं आहे."

 ती स्टूल ओढून बसली. पाय पातळ झाला आहे तिचा. म्हणे, "संघदीप, मी तुले एकदाच विचारते. लाज सोडून विचारते, कारण आता मले घाई आहे. त्या दिवशी तू बाबांना फोनवर म्हणाला, मनातही नाही. ते खरं होतं का घाबरून म्हणाला? तुले मले काही सांगायचं आहे का?"

लॅबचा नळ टपकत होता. मी उठून बंद केला. परत आलो. मले वाटून राह्यलं होतं की नीट, विचार करून, तिच्या कामाचं काहीतरी बोलावं. अन् मी बोललो. म्हणलं, "नवव्या खोऱ्यात शेवटची घंटा एकदाच वाजवता येते. दारासमोर आली का थांबू नको. तिथं माणूस विचार करत बसते अन् धुकं येते, मग सगळं पहिल्यापासून."

दीपा मान खाली घालून ऐकत होती. "बरं," म्हणे. "हे वहीत आहे का?"

"शेवटच्या पानावर आहे."

"मग ठेवूनच घेते. संपवून देते." तिनं पिशवी उचलली. दारात थांबली, वळली नाही. मग गेली.

जीवन आला तर मी फरशी पुसत होतो. कुठंच काही सांडलं नव्हतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

राजूरले होकार गेला.

२२ सप्टेंबर, रविवार

आज दीपाचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. पितृपक्ष आहे म्हणून मंगल कार्यालय सहज भेटलं, आपल्याले काय त्याचं. मी सकाळपासून खुर्च्या लावल्या, माइक तपासला, वाढायले उभा राह्यलो. बसून राहणं शक्यच नव्हतं. माय दोनदा म्हणे, "बस ना रे जरा." जीवन आलता, त्यानं मले हाताले धरून बाजूले नेलं, पाण्याचा गिलास दिला. 

दीपा मोरपंखी साडीत होती.

जेवणं झाल्यावर अमर स्वतः मले शोधत आला. चांगला आहे. मी त्याच्यात खोट शोधून राह्यलो होतो सकाळपासून, सापडली नाही. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "दादा, परवा आम्ही ऑर्मुंड संपवला. ती व्हिडिओ कॉलवर तिकडून दाखवे, मी राजूरले बसून पाहत होतो. दारासमोर मी म्हणलं, थांब, विचार करू. ती म्हणे नाही, थांबायचं नाही, अन् लगेच वाजवली. दादा, मी आतापर्यंत नुसत्या गाड्या पळवल्या, असा गेम मले कोणी सांगतलाच नव्हता. तुमच्यामुळंच आमचं जुळलं म्हणा नं! पहिल्या दिवशी तो रिमोट नसता तर मी पोहे खाऊन निघून गेलो असतो."

दीपा त्याच्या मागं उभी होती. 

अमर म्हणे, "आता आम्ही दोघांनी पुढचा कोणता खेळायचा, ते तुम्हीच सांगा."

अन् मी सांगतला. नाव सांगतलं, कुठं भेटते ते सांगतलं, त्यात दोन भाऊ-बहीण समुद्रातून कसे जातात तेही सांगतलं. सुरुवातीले कंटाळवाणा वाटीन पण सोडू नका, म्हणलं. चांगली दहा मिनिटं बोललो.  अमर मोबाइलमध्ये लिहून घेत होता. दीपानं मधेच त्याच्या बाहीले हात लावला अन् म्हणे, "चला, आई बोलावून राह्यल्या." जातानी माह्याकडे पाह्यलं. रागानं नाही. दवाखान्यात लेकरू सुईले घाबरते, अन् ती त्याच्याकडे जशी पाहते, तसं.

घरी आलो. अंगणात फेऱ्या मारल्या, माय झोपायले ये म्हणे, तिच्यावर ओरडलो, मग माफी मागितली. ती म्हणे, "रड रे बापू, कोणी नाही इथं." रडलो.

दीपा, तू मले आवडतेस. सहावीपासून आवडतेस. गेम नव्हता द्यायचा तुले, मले तुह्या बाजूले सतरंजीवर बसायचं होतं. लिहायले अर्धं मिनिटही नाही लागलं.